रेघेची जाडी

कॅम्पातल्या आमच्या कचेरीत
दुपारी तीनला कूलरचं पाणी संपतं
आणि जुने नकाशे कोपऱ्यांतून वळायला लागतात.
मी तेव्हा राज्याच्या दक्षिण शिवेवर होते,
माउस घेऊन,
जिथे समोच्च रेषा विरळ होत जातात,
एकमेकींपासून लांब, तिकडच्या वस्त्यांसारख्या.

माळ. मुरूम. पुन्हा माळ.
एक ओढा, वर्षातले दहा महिने
नुसत्या तुटक रेघेत वाहणारा.
अलीकडे तो बोरओढा, पलीकडे हळ्ळ.
पाणी नसलं की
दोन्हीकडचे त्याला वाळूच म्हणतात.

त्या दिवशी खिडकीशी
गुरुबसव्वा हत्तळ्ळी उभ्या राहिल्या.
रात्रभर एस्टीत बसून आलेल्या,
सोबत भोसरीच्या कंपनीतला भाचा, अर्ध्या रजेवर.
विहीर इकडं हाय म्हणत्यात, म्हणाल्या,
घर तिकडं.
मोटारीला लाईट कोण देणार, तेवढं लिहून द्या की ओ.

लिहून देणं माझ्याकडे नाही.
मी फक्त काढते.
तरी स्क्रीन फिरवून त्यांच्याकडे केली
आणि मोठं करत गेले, मोठं करत गेले,
तालुका गेला, रस्ता गेला,
तीन शिवांचा दगड आला, बिरोबाचं देऊळ आलं,
मग तीन काळे चौकोन.

तीनच?
अकरा घरं हायती आमची.
आणि बोट काचेवर ठेवून त्या चालायला लागल्या:
हे मल्लवाचं, हे कुलूप घातलेलं,
ऊसतोडीला गेल्यात ती,
हितं कोंबड्यांचा खुराडा, हितं लिंब,
लिंबाखाली फोन धरला की
दुसऱ्या राज्यात स्वागत असल्याचा मेसेज येतो,
गोठ्यात शिरलं की पुन्हा आपलं.
शेण काढायला गेलं की रोज दोनदा स्वागत,
भाचा हसत म्हणाला.

शाळा कुठली, मी विचारलं.
धाकट्याची मराठी, थोरल्याची कन्नड.
भांडतात कोणत्या भाषेत?
ज्याला आधी सुचंल त्या.

मी चलनाच्या पाठीवर
अकरा घरं मांडून घेतली, खुराड्यासकट.
पण त्यांचं बोट जिथे थांबलं
तिथे घर नव्हतं, रेघ होती.
घर तिच्या खाली होतं.

साडेपाचला स्वारगेटची गाडी म्हणून त्या निघाल्या.
पिशवीतून दोन कडक भाकरी आणि शेंगाचटणी
टेबलावर ठेवून गेल्या,
नकाशाची फी आधीच भरलेली असताना.

नंतर मी मोजलं.
कागदावर रेघ अर्धा मिलिमीटर.
पन्नास हजारांचं प्रमाण, म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर.
पंचवीस मीटरांत
एक चूल मावते, एक न्हाणी, दोन म्हशी,
नवऱ्याशी अबोला धरून बसायला एक कट्टा.
एवढं सगळं आम्ही पेनाच्या टोकाने झाकलंय
आणि त्याला अचूक म्हणतो.

रेघ हलवायचा अधिकार मला नाही.
तेवढ्या इंचात मी ती जरा बारीक केली.
साहेबांनी तपासणीत पुन्हा जाड केली,
शेरा मारला: एकसारखेपणा हवा.

महिन्याने भाच्याचा फोन आला.
लाईटचं अजून काही नाही.
मावशी विचारतीय, रेघ कुठल्या रंगाची हुती?
लाल, म्हटलं.
मागे बादली ठेवल्याचा आवाज,
कन्नडात काहीतरी, मग मराठीत,
माझ्यासाठी मुद्दाम मोठ्याने:
मग ऱ्हाऊ दे.
आमची मातीबी तांबडीच हाय,
कुणाला कळणार नाही.